दोन दिवसांसाठी तळमजल्यावर

विमा कंपनीच्या त्या सात मजली इमारतीत त्या दोघांची खरी नावं कोणालाच धड ठाऊक नव्हती. आलेलं टपाल घेणारे ते आवकराव आणि जाणारं टपाल पाठवणाऱ्या त्या जावकबाई. ही नावं कोणी पाडली हे आता सांगता येणार नाही, पण ती अशी चिकटली होती की एकदा बाईंच्या लेकीने ऑफिसात फोन करून आईचं खरं नाव सांगितलं, तर ऑपरेटरने "अशा कोणी इथे नाहीत" म्हणून फोन ठेवून दिला.

टपाल विभाग तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे. खोलीला खिडकी एकच, तीही इतकी वर की तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं दिसत. एका भिंतीला बेचाळीस लाकडी खण, प्रत्येक विभागाचा एक. रोज सकाळी साडेनऊला टपालाच्या पिशव्या यायच्या. आवकराव पाकिटं कापायचे, कागदावर तारखेचा शिक्का मारायचे, नंबर घालून वहीत चढवायचे आणि खणात टाकायचे. दुपारनंतर बाईंची पाळी. सगळ्या मजल्यांवरून खाली आलेली पत्रं वजन करायची, तिकिटाऐवजी छाप उठवणाऱ्या मशीनमधून काढायची, जावकच्या वहीत लिहायची आणि पाच वाजायच्या आत पिशवीत भरून तोंड बांधायचं. पॉलिसीचे कागद गेले, कोर्टाची उत्तरं गेली, कोणाच्या मृत्यूनंतरचे चेक गेले. एकही पत्र चुकीच्या दारी गेलं नाही, असं बाई अभिमानाने सांगायच्या.

आवकराव छप्पन्न वर्षांचे, बाई एक्केचाळिशीच्या. अकरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघांचं इतकं जमलं होतं की डिंकाची बाटली न मागता हातात यायची.

एका मंगळवारी आवकराव आतलंच, म्हणजे इमारतीतल्या इमारतीत फिरणारं टपाल लावत होते. त्यात एक पाकीट आलं. वर लिहिलेलं: 'लिपिक, टपाल विभाग, तळमजला.' नाव नाही.

"आपलंच की," आवकराव म्हणाले आणि सवयीने कापलं. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला. "बाई, हे जरा वाच. मी काहीतरी चुकीचं वाचतोय."

पत्र आस्थापना विभागाचं होतं. टपाल विभागातील लिपिकास सहायक पदावर बढती देण्यात येत आहे, नेमणूक चौथ्या मजल्यावर दावे विभागात, आठ दिवसांत लेखी संमती द्यावी. वर 'श्री./श्रीमती' छापलेलं आणि त्यापुढे नुसती टिंबं.

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

"तुझंच असणार," आवकराव म्हणाले. "माझी चार वर्षं राहिलीत. म्हाताऱ्याला कोण वर चढवतंय?"

"काहीतरीच काय! तुम्ही एकतीस वर्षं इथे. मी काल आलेली."

"अकरा वर्षांपूर्वीचा काल?"

दोघंही हसले. पण त्या दिवशी बाईंनी सात नंबरच्या खणातली पत्रं नऊमध्ये टाकली आणि आवकरावांनी शिक्क्याची तारीख बदललीच नाही. दुपारपर्यंतचं सगळं टपाल सोमवारी आल्याचं दिसत होतं.

टपालाच्या कारकुनाला बढती मिळते, हेच मुळात दोघांना नवं होतं. वर जायला पायरीच नव्हती. हिशेब विभागातला कारकून हिशेबनीस होतो, दाव्यांमधला अधिकारी होतो. टपालातला टपालातच पिकतो आणि तिथूनच निवृत्त होतो. शिवाय टपालही आटत चाललं होतं. पूर्वी सकाळी चार पिशव्या यायच्या, आता दीड. उरलेलं सगळं म्हणे कॉम्प्युटरवरून जातं. हा विभाग आणखी किती दिवस राहील, यावर शिपाई पैजा लावायचे.

घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. बोलणं मोजकं.

"पत्र तुझं की त्यांचं?" त्याने विचारलं.

"अहो, तेच तर कळत नाही."

"मग विचार ना वर."

"विचारलं आणि माझं नसलं तर? तोंडघशी पडेन. आणि माझं असलं तर राव काय म्हणतील? की बघा, गेली धावत वर."

नेमकी त्याच वेळी नणंद आली होती. नणंद शाळेत शिक्षिका, कायम नोकरीत, त्यामुळे घरातल्या प्रत्येक नोकरीविषयक प्रश्नात शेवटचा शब्द तिचा.

"अगं, तू गप्प बसशील आणि दुसराच कोणी सही करून मोकळा होईल," ती म्हणाली. "उद्या सकाळी पहिलं काम ते कर. तुझं पगारपत्रक कुठे आहे? त्यावर हुद्दा असतो."

पगारपत्रकांची पिशवी कपाटातून निघाली. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'भां. ता. ०७'. अकरा वर्षं हेच. बाईंची समजूत अशी की तो पगार काढणाऱ्या खात्याचा काहीतरी क्रमांक असावा. पगार दर महिन्याला सतरा हजार चारशे. दोन-तीन वर्षांतून एकदा कोणाच्या तरी मनात येऊन हजारभराने वाढलेला.

"भां. ता. म्हणजे काय गं?" नणंदेने विचारलं.

"भांडवली तारण असेल," नवरा म्हणाला. त्याने हे कुठून काढलं ते त्यालाच ठाऊक. पण त्या रात्री कोणाला त्याहून बरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई तिसऱ्या मजल्यावर आस्थापनेत गेल्या. तिथल्या मॅडम नव्या होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, फाईल काढली आणि बोट फिरवत म्हणाल्या, "टपाल विभागात लिपिकाचं मंजूर पद एकच आहे. त्या गृहस्थांची सेवा एकतीस वर्षं. पत्र त्यांचंच. एकच माणूस म्हणून नाव घालायचं राहिलं असेल."

"एकच? पण आम्ही दोघं आहोत."

"दोघं कसे?"

"ते आवक बघतात, मी जावक."

मॅडमनी पुन्हा फाईल पाहिली. मग दुसरी मागवली. मग तिसरी. पलीकडच्या टेबलावरचा कारकून उठून आला. पाऊण तासाने बाई सापडल्या, त्याही सहाव्या मजल्याच्या कागदांत.

"तुम्ही भांडारात आहात," मॅडम म्हणाल्या. "लेखनसामग्रीचं भांडार. तात्पुरती मदतनीस, क्रमांक सात."

भां. ता. ०७. हळूहळू बाईंना आठवलं. नोकरीला लागल्यावर पहिला आठवडा त्यांनी खरंच सहाव्या मजल्यावर पेन्सिली आणि कागदांचे गठ्ठे मोजले होते. मग तेव्हाची जावक बघणारी बाई एकाएकी नोकरी सोडून गेली आणि भांडारप्रमुख म्हणाले होते, "दोन दिवस जरा खाली जा, टपालात मदत कर." कोणी परत बोलावलंच नाही. ते भांडारप्रमुख निवृत्त झाले, भांडारही बंद होऊन सामान बाहेरून येऊ लागलं. पण दरवर्षी कोणीतरी कारकून मागच्या वर्षीचा आदेश पाहून पुढच्या वर्षीचा काढत होता.

"म्हणजे मी जिथे काम करते तिथे मी नाही," बाई म्हणाल्या, "आणि जिथे मी आहे ते आता नाहीच."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

खाली उतरताना बाईंनी लिफ्ट घेतली नाही. जिन्यात दोन मजले त्या नुसत्या विचार करत होत्या की सांगायचं कसं. राग यावा तर कोणाचा? मॅडमचा नाही, रावांचा तर नाहीच. स्वतःचा थोडा येत होता. अकरा वर्षं हजारो पाकिटांवरचे पत्ते तपासले आणि स्वतःच्या पगाराच्या कागदावर काय लिहिलंय हे एकदाही विचारलं नाही.

"राव, पत्र तुमचं आहे," खोलीत शिरताच त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

आवकरावांनी हातातला शिक्का खाली ठेवला. "मी नाही जाणार," ते म्हणाले. "तिथे दिवसभर कॉम्प्युटर. मला त्या बटणांवर अक्षरं शोधता येत नाहीत. आणि मी गेलो तर तुझं काय? तू कागदावर नाहीस म्हणतात. खोलीलाच कुलूप लावतील."

"लावतील की तुमच्या रिकाम्या जागेवर मला घेतील, ते मॅडमनाही माहीत नाही. मी विचारलं."

"मग काय करू सांग."

हा प्रश्न बाईंना सर्वांत अवघड गेला. राव गेले तर त्यांचा शेवटचा पगार वाढेल, म्हणजे पेन्शन वाढेल. हे त्यांच्या भल्याचं. राव गेले तर जागा रिकामी होईल. हे कदाचित बाईंच्या भल्याचं, कदाचित सत्यानाशाचं. 'जा' म्हणावं तर आपण त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवलाय असं होतं, 'जाऊ नका' म्हणावं तर त्यांचं नुकसान. शेवटी बाई म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत या मशीनच्या कॉम्प्युटरपाशी बसा. मी टायपिंग दाखवते. जमलं तर जा, नाही जमलं तर राहा."

पुढचे सहा दिवस छाप उठवणाऱ्या मशीनच्या कॉम्प्युटरवर छप्पन्न वर्षांचा माणूस एका बोटाने स्वतःच्या बायकोचं नाव टाइप करायला शिकत होता. 'क' सापडला की 'का' हरवायचा. आवकराव वैतागायचे, उठून फेऱ्या मारायचे, परत बसायचे.

"खरं सांग," पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तू मला वर चढवतेयस की इथून घालवतेयस?"

"मलाच कळत नाही हो," बाई म्हणाल्या. ते इतकं खरं होतं की आवकरावांनी मान डोलावली आणि पुढचा शब्द टाइप करायला घेतला.

आठव्या दिवशी त्यांनी संमतीवर सही केली. ते पत्र जावकच्या वहीत बाईंनीच चढवलं.

रिकाम्या जागेची सूचना महिन्याभराने लागली. अट एक: टपालाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. बाईंनी अर्ज केला. आठवड्याने तो परत आला, शेरा मारून: 'अर्जदार भांडार विभागातील असून टपालाचा अनुभव दिसून येत नाही.'

हा कागद आला तेव्हा बाई टपालाच्या खोलीत, टपालाच्या टेबलावर, टपाल लावत बसल्या होत्या. आता त्या एकट्याच आवकही करत आणि जावकही. त्यांनी परत आलेल्या अर्जावर आवकचा शिक्का मारला, नंबर घातला आणि मग त्यांना रडू कोसळलं. पाचेक मिनिटांनी त्यांनी तोंड धुतलं आणि मॅडमना फोन लावला.

"अनुभव दिसून येत नाही म्हणतात. तो बघायचा असेल तर दाखवता येईल. समोर बोलवायला सांगा."

मॅडमनी काय खटपट केली कोण जाणे, पण मुलाखतीचं बोलावणं आलं. बाईंनी माळ्यावरून जावकच्या वह्या काढल्या. वर्षाला दोन, अशा बावीस. टपालाच्या हातगाडीवर रचून त्या लिफ्टने सातव्या मजल्यावर घेऊन गेल्या. मुलाखत घेणारे तिघं. गाडी आत येताना पाहून मधले साहेब चमकले.

"हे काय?"

"अनुभव," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मधलीच एक वही उघडली. तारीख, क्रमांक, कोणाला, विषय, वजन, सही. पान उलटलं, पुन्हा तेच अक्षर. दुसरी वही, तेच अक्षर. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "चार ओळी लिहा."

काय लिहावं बाईंना सुचेना. शेवटी त्यांनी आदल्या दिवशी पाठवलेल्या पहिल्या चार पत्रांच्या नोंदी आठवणीने लिहिल्या, वजनासकट. तिघांनी कागद वहीशेजारी ठेवून पाहिला.

तेवढ्यात उजवीकडचे कायदा विभागाचे साहेब म्हणाले, "थांबा. या बाई टपाल विभागाच्या नाहीत. म्हणजे अकरा वर्षं कंपनीच्या जावक वहीवर, कोर्टाच्या कागदांसकट, अधिकार नसलेल्या व्यक्तीची सही आहे?"

बाई वह्यांकडे पाहू लागल्या. ज्या वह्या आपली बाजू मांडायला आणल्या, त्या आपल्यावरच उलटतात की काय? मधल्या साहेबांनी वही मिटली. "कळवू," एवढंच म्हणाले. वह्या तिथेच ठेवून घेतल्या. बाई रिकामी गाडी ढकलत खाली आल्या. आपण जिंकलो, हरलो की गुन्हेगार ठरलो, यातलं कोणी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला असता.

पंधरा दिवस काहीच नाही. घरात लेक विचारायची, "आई, तुझी नोकरी आहे ना अजून?" आणि बाई म्हणायच्या, "डबा घेऊन जातेय, म्हणजे असावी."

सोळाव्या दिवशी पाकीट आलं. या वेळी वर नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. बाईंनी ते तीनदा वाचलं. टपाल विभागात कायम लिपिक म्हणून नेमणूक. मागच्या सह्या मान्य करण्याचा वेगळा आदेश सोबत जोडलेला; कायदा साहेबांची पंचाईत बाईंना कायम करूनच सुटत होती, हे मॅडमनी नंतर हसत हसत सांगितलं. पण खाली पगाराचा आकडा होता. नेमणूक नवी, म्हणून पगार श्रेणीच्या तळाचा: सोळा हजार शंभर. त्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जाणार. हातात येणार चौदा हजार आणि वर थोडे.

"म्हणजे बढती मिळाली आणि पगार तीन हजारांनी उतरला?" नवऱ्याने विचारलं.

"बढती नाही हो. मी आजवर नव्हतेच, आता झाले."

नणंद मात्र खूश. तिने बोटांवर मोजत सांगितलं की दरवर्षी ठरलेली वाढ, आजारपणाची रजा, तीन वर्षांनी खात्याची परीक्षा आणि पास झाली तर सहायकाची वाट मोकळी. "पंधरा वर्षांत तीस हजारांच्या पुढे जाशील."

"पंधरा वर्षांनी पत्रं असतील का, ताई?"

"ते मात्र तुझ्या मॅडमना विचार," नणंद म्हणाली. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पॉलिसीचा मूळ कागद लोकांना हातात लागतो, तोवर तुमचा विभाग आहे. पुढचं मी खोटं कशाला सांगू?"

दोन दिवस बाईंनी कागद पर्समध्ये घेऊन काढले. लेकीच्या क्लासची फी, घराचं भाडं, नवऱ्याच्या कामातले रिकामे महिने, सगळं डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "मी शनिवारी एक जादा इमारत घेतो. तू सही कर. निदान कोणी विचारलं तर सांगता येईल, तू कुठे आहेस ते." बाईंनी सही केली. बरोबर केलं का, हे त्यांना सही करताना कळलं नाही आणि त्यानंतरही बरेच दिवस कळलं नाही.

चौथ्या मजल्यावर आवकराव आधी पार हरवले. दिवसातून पाच वेळा खाली फोन करायचे, अमुक कागद कुठे ठेवतात, तमुक बटण कुठलं. एकदा तर न सांगताच खाली आले आणि जुन्या खुर्चीत बसून पाकिटं कापायला लागले. बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग हळूहळू फोन कमी झाले. एके दिवशी लिफ्टपाशी भेटले तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा होता.

"एकतीस वर्षं पाकिटं कापली," ते म्हणाले, "पण तारीख आणि विषय सोडून कधी वाचलं नाही. आता पूर्ण वाचावं लागतं. आज एका बाईंनी लिहिलंय, नवऱ्याच्या कागदांत त्याची सही सापडत नाही, त्याने मुलाच्या वहीत गंमत म्हणून केलेली एक आहे, ती चालेल का? काय उत्तर देणार सांग?"

"काय दिलंत?"

"अजून नाही दिलं. पण मी साहेबांपाशी जाऊन बसणार आहे. हलणार नाही तिथून."

ती सही चालली. त्या दाव्याचा चेक बाईंनीच पाठवला, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

पहिलं वर्ष काटकसरीत गेलं. दुसऱ्या वर्षी वाढ मिळाली, लहानशीच. आवकसाठी दुसरा माणूस मिळाला नाही, दोन्ही वह्या बाईंच्याच गळ्यात पडल्या. खात्याच्या परीक्षेचं पुस्तक त्यांनी आणून ठेवलंय. पहिली पन्नास पानं वाचून झालीत आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलंय. वरच्या मजल्यांवरचे नवे लोक त्यांना अजूनही जावकबाईच म्हणतात. आवक करत असल्या तरी.

मार्चअखेर मॅडमचा फोन आला. "तुमची रजा साठलीय. घेतली नाही तर वाया जाईल."

नोकरीला लागल्यापासून बाईंनी रजा अशी कधी घेतली नव्हती. तात्पुरता माणूस एक दिवस घरी बसला की त्या दिवसाचा पगार जायचा. त्यांनी बुधवार मागितला, कारण कॅलेंडरवर बोट ठेवलं तेव्हा ते बुधवारावर पडलं.

बुधवारी नवरा गेला, लेक गेली. दहा वाजले. बाईंनी भांडी आवरली, कपडे वाळत घातले आणि घरात मधोमध उभ्या राहिल्या. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन येतं, हे रविवारच्या धांदलीत त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. परीक्षेचं पुस्तक उघडलं, मिटलं. मग त्या दारात येऊन बसल्या.

शेजारीण भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. थबकली. "अगंबाई, आज घरी? बरं नाही का?"

"बरी आहे. रजा आहे."

"कशासाठी घेतलीत?"

"अशीच," बाई म्हणाल्या आणि शेजारणीला आत ये म्हणून सरकून जागा केली.